मेगापिक्सेल मोजून मीडियम फॉरमॅट घेऊ नका, आधी शटर बघा

गोदाकाठ
परवा मीडियम फॉरमॅटवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर, एकाने ठासून लिहिलं: "मीडियम फॉरमॅटमध्ये दोनच गोष्टी बघायच्या, सेन्सर केवढा आणि मेगापिक्सेल किती. बाकी सजावट." त्याखाली दोन पोरांनी कर्ज काढून अशी कॅमेरा बॉडी घेतो म्हणून लिहिलंय, म्हणून हे सविस्तर उत्तर.

या कॅमेऱ्यांतला सेन्सर ४३.८ × ३२.९ मिमीचा, म्हणजे फुल फ्रेमच्या (३६ × २४ मिमी) पावणेदोन पटही नाही. १०२ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा एक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. सोनीच्या ६१ मेगापिक्सेलवाल्या फुल फ्रेमचाही तेवढाच. पिक्सेल मोठा झालेला नाही, संख्या वाढली आहे. आणि अल्बमचं १२ × ३६ इंची पान ३०० डीपीआयला ३९ मेगापिक्सेलमध्ये होतं.

आता भर दुपारी नाशिकच्या रामकुंडावर नवरा-नवरीला उन्हाकडे पाठ करून उभं करा. चेहऱ्यांवर फ्लॅश लागतोच. आयएसओ १००, एफ ४ ठेवलं तर शटर साधारण १/१६०० हवं. फुजीफिल्मच्या जीएफएक्स कॅमेऱ्यांच्या बॉडीतलं शटर फ्लॅशबरोबर १/१२५ पर्यंतच चालतं. मग लेन्सचं छिद्र लहान करत एफ १४ वर जा, मागे कपडे वाळत घातलेले सगळे स्पष्ट दिसतात. हाय स्पीड सिंक (वेगवान शटरला फ्लॅशने तुकड्यातुकड्याने प्रकाश देणं) लावला की फ्लॅशचा जोर जातो. हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्समध्ये शटर लेन्सच्याच आत आहे (लीफ शटर), १/२००० ला फ्लॅश सिंक होतो. आमच्या उन्हात पोटापाण्याचा प्रश्न हा आहे.

रहाडवाला
दादा, अल्बमचा हिशेब चुकला. ३९ हे क्षेत्रफळ झालं. एकच फोटो पूर्ण पानभर पसरायचा तर रुंदी १०,८०० पिक्सेल लागते. ६१ मेगापिक्सेलची रुंदी ९,५०४, १०२ ची ११,६४८. गावातली सगळी लग्नं त्या पानावरच विकली जातात.

दुसरं. पूर्ण ताकदीवर मोठ्या स्ट्रोबचा (स्टुडिओ फ्लॅशचा) झोत १/२००० पेक्षा जास्त वेळ चालतो. शटर आधीच मिटतं, उरलेला प्रकाश वाया. ते का नाही लिहिलं?

माझ्या लेखी पहिला क्रमांक ऑटोफोकसचा. रंगपंचमीला शनी चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, माणसं धपाधप उड्या मारतात, तिथे लीफ शटर घेऊन काय करू? २०२२ मध्ये हॅसलब्लाडचा एक्स२डी आला तेव्हा त्यात हलत्या माणसाचा पाठलाग करणारा सलग फोकस नव्हता. जीएफएक्स १०० मध्ये २०१९ लाच फेज डिटेक्शन, म्हणजे झटपट धरणारं ऑटोफोकस, होतं.

१२० रोल
मुळात याला मीडियम फॉरमॅट म्हणणंच मला मान्य नाही. फिल्मचं सहा बाय सहाचं निगेटिव्ह ५६ × ५६ मिमी. तुमचा सेन्सर त्याच्या निम्माही नाही. वडिलांच्या याशिकामॅट फिल्म कॅमेऱ्यावर काढलेला नारोशंकर मंदिरातल्या घंटेचा फोटो आजही बैठकीत आहे. बारा फोटोंचा रोल, म्हणून माणूस आधी विचार करायचा.

रहाडवाला
काका, विचार करण्याची सोय कुठल्याही कॅमेऱ्यात आहे. रोल धुणारा माणूस कुठे आहे ते सांगा.

येवल्याची सून
तुम्ही पुरुषमंडळी शटरवर भांडा. मी पैठण्यांचे कॅटलॉग काढते. माझ्याकडे आधी ५० मेगापिक्सेलची बॉडी होती, लो पास फिल्टर (बारीक विणीवरचे खोटे पट्टे रोखणारा) नसलेली. साध्या अंगाच्या बारीक विणीवर हिरवे-जांभळे पट्टे उमटायचे. एका मोसमात दोनशे साड्या, प्रत्येक फोटो हाताने पुसला. १०२ वर आल्यावर ते नव्वद टक्के थांबलं. म्हणजे मेगापिक्सेल सजावट नाही, गोदाकाठ. माझी रात्रीची झोप आहे.

तरी माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट रंग. फोटोत राणी रंग पाहून पुण्याच्या बाईंनी साडी घेतली आणि आठ दिवसांत परत केली, "ही तर लालसर आहे" म्हणून. परतीचा खर्च आमच्या माथी.

गोदाकाठ
ताई, तो दोष कॅमेऱ्याचा नाही, दिव्यांचा असेल. दुकानातले स्वस्त एलईडी लाल रंग खातात.

येवल्याची सून
दिवे मी बदलले. कलर चार्ट प्रत्येक साडीआधी धरते. एवढं गृहीत धरून बोला की! धूपछांव पैठणीत उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. कोन बदलला की रंग बदलतो. त्यात जरीचा धागा वेगळाच चमकतो. पदरावरचा मोर समोरून एक दिसतो, बाजूने दुसरा. उगाच मला एलईडी शिकवू नका.

१२० रोल
मग एका साडीचे तीन कोनांतून तीन फोटो टाका. आमच्या वेळी दुकानदार साडी दारात उन्हात नेऊन दाखवायचा, ते यासाठीच.

येवल्याची सून
काका, हे बरोबर बोललात. तीन फोटो टाकायला लागल्यापासून परत येणाऱ्या साड्या कमी झाल्यात. पण मग कॅमेऱ्याची किंमत कशासाठी मोजली, हा माझा प्रश्न उरतोच.

रहाडवाला
दुरुस्तीचं कुणीच बोलत नाही. माझी बॉडी ऐन लग्नसराईत मुंबईच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये सात आठवडे पडून होती. बदली कॅमेरा नाही, फोनला उत्तर नाही. भाड्याने आणून तारखा निभावल्या. तेव्हापासून मी पहिला प्रश्न दुरुस्तीचा विचारतो.

गोदाकाठ
मघाशी तर पहिला क्रमांक ऑटोफोकसचा होता.

रहाडवाला
तुमचे दोन हिशेब चुकले त्यावर बोला आधी.

गोदाकाठ
बोलतो. अल्बमच्या रुंदीचं बरोबर आहे, मी क्षेत्रफळावर गेलो. स्ट्रोबचा उरलेला प्रकाश वाया जातो, तेही खरं आहे. पण ताकद निम्म्यावर आणली तर बऱ्याच दिव्यांचा झोत आखूड होतो. मी घाटावर तसंच काम करतो, आणि हाय स्पीड सिंकपेक्षा जास्त प्रकाश मिळतो. शटरबद्दलचं मत मागे घेत नाही.

रहाडवाला
मग अर्धं तरी लिहा. जीएफएक्सला एच माउंट अडॅप्टर लावून हॅसलब्लाडच्या जुन्या एच लेन्स चालतात, लीफ शटरसकट, १/८०० पर्यंत. म्हणजे बॉडी बदलायची गरजच नाही.

गोदाकाठ
१/८०० ला एफ ५.६ येतं. घाटावर ते चालेल, मान्य. त्या लेन्सचं वजन तुम्ही दिवसभर उचला.

येवल्याची सून
कर्ज काढणाऱ्या त्या दोन पोरांना कुणी विचारलं का, ते काढतात काय? साड्या काढणार असतील तर माझ्याकडे या, एक दिवस माझ्या बॉडीवर काढून बघा. काळी चंद्रकळा साडी घेऊन या, काळ्यावरच्या जरीचा फोटो काढणं सगळ्यात अवघड.