डोंगरातल्या गावी कायमचं राहायला जातोय, दोनपैकी कुठलं घर घ्यावं? (तातडीने मदत हवी आहे)

उनाड_पावलं
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. शहर सोडून आम्ही डोंगरातल्या एका छोट्या गावात राहायला जातोय. चालणं, चढणं, सायकल, यासाठीच. निर्णय झालाय, त्यामुळे "जावं की नाही" ही चर्चा कृपया नको. दोन घरं भाड्याने बघून ठेवलीत. एक खाली नदीकाठी, बाजाराला लागून. दुसरं वर उतारावर. तिथल्या गच्चीतून बर्फाची अख्खी रांग दिसते आणि ट्रेकची वाट दारातूनच सुरू होते. भाडं जवळपास सारखं. बायको खालचं म्हणते, मी वरचं. मालकाला परवापर्यंत कळवायचंय. कुठलं घेऊ?

शंकासुर
उंची किती? उताराचं तोंड कुठे? हिवाळ्यात रस्ता चालू असतो का? काम काय करता? घरात कोण कोण? हे सगळं गाळून "कुठलं घेऊ" विचारणार असाल तर नाणं उडवा.

उनाड_पावलं
उंची डोंगरातल्या गावाची असते तेवढीच. काम लॅपटॉपवर. बाकीच्याचा घराशी काय संबंध ते कळलं नाही.

कडेकपारी
वरचं घ्या, डोळे झाकून! गाडी काढा, पार्किंग शोधा, मग चालायला लागा, असंच करायचं तर शहर काय वाईट होतं? मी नाड्या बांधता बांधताच वाटेला लागलेला असतो.

जुनी_खोड
कडेकपारी, वय काय हो तुमचं? नजारा महिन्याभरात भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा होतो, असतो पण बघत कोणी नाही. रोज लागतात ती औषधं, सिलिंडर आणि प्लंबर. सिलिंडर पाठीवर घेऊन एकदा चढा, मग बोलू. खालचं.

कडेकपारी
वय ३४, गुडघे दोन्ही मूळचेच. आणि प्लंबर खालीसुद्धा बोलावल्या दिवशी येत नाही.

तळ्यात_मळ्यात
दोघंही भलतंच भांडताय. वर-खाली हा मुद्दाच नाही, ऊन कुठे पडतं हा आहे. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उताराला हिवाळ्यात ऊन मिळतं. उत्तर उतारावर सूर्य डोंगराआडूनच निघून जातो. दारातला बर्फ दिवसा जरासा पाझरतो आणि रात्री तेच पाणी गोठून पायरी निसरडी.

आणि "खाली म्हणजे उबदार" हेही डोक्यातून काढा. दर १,००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं हे खरं, पण ती सरासरी झाली. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि दरीच्या तळाशी साचते. मग नदीकाठी कडाका आणि थोडं वर त्यामानाने बरं, असा उलटा प्रकार होतो. साऱ्या गावाच्या शेगड्यांचा धूरही त्याच हवेत अडकतो. भल्या सकाळी वर उभं राहून बघा, धुराचा थर कुठल्या घरापर्यंत आहे ते स्पष्ट दिसतं. आम्ही अशाच नदीकाठच्या घरात राहिलोय. ऐन थंडीत अंगणात ऊन यायचं ते दुपारच्या तोंडावर आणि चहाच्या आधी गेलेलं असायचं. दोरीवरची पॅन्ट काढून भिंतीला टेकवली की उभी राहायची.

उनाड_पावलं
हे आता काय नवीन! बरं, घ्या. उत्तर गोलार्ध. उंची २,४०० मीटर. वरच्या घराचं तोंड उत्तरेला आहे, म्हणून तर रांग दिसते. मीटिंगा परदेशातल्या लोकांशी, त्याही रात्री, त्यामुळे नेट लागतं. घरात मी, बायको आणि सासूबाई. झालं समाधान? आता सांगा कुठलं.

शंकासुर
सासूबाई! पहिल्या पोस्टमधल्या "आम्ही"मध्ये त्या होत्या तर. वय? बीपी, हृदय वगैरे?

उनाड_पावलं
७१. बीपीची गोळी चालू आहे, मध्यंतरी अँजिओप्लास्टी झाली. पण ठणठणीत आहेत, माझ्यापेक्षा जास्त चालतात. विषय घराचा आहे.

नाडी_बघू
पेशाने डॉक्टर आहे. विषय आता नुसता घराचा राहिला नाही. २,४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच हिशोबाने कमी. विरळ हवेचा त्रास बहुधा २,५०० मीटरच्या वर होतो म्हणतात, पण काहींना त्याआधीच सुरू होतो. अँजिओप्लास्टी झालेली माणसं डोंगरात राहत नाहीत असं नाही. मात्र त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारा, गोळ्यांसकट. एका दमात गाडीने वर नेऊ नका, वाटेत कमी उंचीवर मुक्काम करा. सुरुवातीचे दिवस चढ नको, मनाने झोपेची गोळी तर नकोच. आणि कुठलंही घर घ्या, हे विचारून घ्या: छातीत कळ आली तर अँजिओप्लास्टीची सोय असलेलं हॉस्पिटल किती तासांवर आहे आणि बर्फ पडल्यावर तो रस्ता कोण, कधी मोकळा करतं?

बिनतारी
"गावात नेट आहे" आणि "तुमच्या खोलीत रात्री नेट आहे" या दोन वेगळ्या गोष्टी. मीटिंगच्या वेळेला त्या घरात बसून व्हिडिओ कॉल लावून बघा. उपग्रहावरचं घ्यायचं तर छताला मोकळं आकाश लागतं, मागे कडा असेल तर कॉल तुटत राहील. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, म्हणून बॅकअप घराच्या आत ठेवा.

वाटाड्या_क्र_१
अवांतर: वरचं घर बाजारापासून किती चढावर? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली हिशोब मांडला: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. २०० मीटर वर असेल तर रोज २० मिनिटं जादा.

जुनी_खोड
त्यात सिलिंडर धरलाय का त्याने?

कडेकपारी
तुमचा सिलिंडर खाली ठेवा आता.

गावचाच
एक बोलू का? राग येऊ देऊ नका. मी असल्याच गावात वाढलो. लॅपटॉपवाले आले, पाठोपाठ सुट्टीपुरती घरं विकत घेणारे आले, आणि आमच्या शाळेतल्या शिक्षकांना भाड्याने खोली मिळेना. यायचं तर बारमाही राहा आणि बर्फ काढायला फावडं घेऊन बाहेर या.

उनाड_पावलं
आम्ही बारमाहीच राहणार आहोत. शाळेतल्या खोल्यांचं माझ्यावर कशाला?

ऊन_सावली
कोणी विचारलं नाही तरी सांगते. दर १,००० मीटरला अतिनील किरणं १० टक्क्यांच्या आसपास वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ढगाळ असलं तरी गॉगल हवाच.

गावचाच
अहो उनाड, तुमच्यावर नाही. पण बारमाही राहणार म्हणताय म्हणून विचारतो, करार वाचलात का? अशा गावांत मालक आडहंगामात भाडेकरू ठेवतात आणि पर्यटक यायला लागले की घर रिकामं करून घेतात.

उनाड_पावलं
आत्ता वाचला. वरच्या घराच्या करारात आहे. "हंगामात मालकास आवश्यकता भासल्यास एक महिन्याच्या सूचनेवर." खालच्याचा करार मागितला नाही, मालक तोच आहे.

शंकासुर
मालक एकच? मग तेच कलम खालीही असणार. फोन करून विचारा, परवाची वाट बघू नका.

तळ्यात_मळ्यात
मी असतो तर दोन्हींना नाही म्हटलं असतं. दक्षिण उतारावर तिसरं बघा, एका हिवाळ्यापुरतंच घ्या.

उनाड_पावलं
फोन केला. खालीही तेच कलम, आणि काढणार नाही म्हणतात. दक्षिण उतारावर एक घर होतं, समोर काहीच दिसत नाही म्हणून मी आत गेलोच नाही. बायकोने नंबर जपून ठेवला होता. उद्या जातोय. जुनं घर आहे, पाण्याच्या लाइनचं काय बघू?

जुनी_खोड
पाइप बाहेरच्या भिंतीवरून आलेत की आतून ते आधी बघा. मुख्य कॉक कुठे आहे, आणि तो बंद करून सगळी लाइन रिकामी करता येते का? कडाक्याच्या रात्री टोकाचा नळ बारीक धारेने सोडून ठेवायचा. तरी गोठला तर ज्योत लावू नका. नळ उघडा ठेवून केसांच्या ड्रायरने नळाकडून मागे मागे गरम करत जा.

कडेकपारी
आणि तिथून ट्रेकची वाट किती लांब तेही बघा.