मदत हवी आहे: मेन स्विच बंद केला की दुसऱ्या दिवशी विंडोज चालू होत नाही

पत्रिकावाला

नमस्कार मंडळी,

आमचं लग्नपत्रिका आणि हँडबिलांचं छोटं दुकान आहे. कामाचा डेस्कटॉप २०११ चा, त्यावर विंडोज ७ आणि श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन. सगळ्या जुन्या फाइली त्यातच असल्यामुळे फॉरमॅट हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो.

अडचण अशी. साप्ताहिक सुट्टीला दुकानाचा मेन स्विच बंद करतो. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला की काळ्या पडद्यावर 'सीमॉस चेकसम बॅड' अशी ओळ, खाली एफ१ किंवा एफ२ दाबायची सूचना. एफ२ दाबलं की पुढे जातं, विंडोजची रंगीत खूण यायला लागते, तेवढ्यात निळा पडदा लखकन येऊन जातो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर हेच चक्र चालू राहतं. दुरुस्तीवाला येतो, डिलीट बटण दाबून आत काहीतरी करतो आणि मशीन सुरू होतं. मग मेन स्विच चालू आहे तोवर काही त्रास नाही, रोज रात्री नीट शटडाउन केलं तरी. त्याचं म्हणणं, हार्ड डिस्क गेली, नवी टाकून फॉरमॅट मारू.

डिस्क गेली असेल तर एरवी कशी चालते? जाणकारांनी कृपया सांगावं. ऐन लग्नसराई आहे.

खटपट्या

फॉरमॅट अजिबात करू नका. आधी एक पाहा: विंडोज सुरू व्हायच्या आधी एफ८ दाबत राहा, यादीत 'डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट ऑन सिस्टिम फेल्युअर' निवडा. निळा पडदा थांबेल. त्यावरचा कोड इथे द्या. आणि घड्याळ काय तारीख दाखवतं तेही.

पत्रिकावाला

आज पुन्हा तेच झालं, म्हणून लगेच पाहिलं. शेवटी ७बी असलेला कोड आहे. डिलीट दाबून उघडणाऱ्या सेटअपमध्ये तारीख २०११ सालातली.

खटपट्या

मग संशयित एकच, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी. आता जरा सविस्तर लिहितो, म्हणजे दुरुस्तीवाल्याशी बोलताना अडचण नको.

बटण दाबल्यावर प्रोसेसरला विंडोज वगैरे काही माहीत नसतं. तो एका ठरलेल्या पत्त्यावरून सूचना वाचायला लागतो, आणि तिथे असतो मदरबोर्डच्या चिपमधला बायॉस नावाचा प्रोग्राम. बायॉस रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि स्वतःची सेटिंग्ज पाहतो: तारीख काय, आधी कुठल्या डिस्ककडे जायचं, डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं. तुमच्या काळच्या बोर्डांत ही सेटिंग्ज सीमॉस नावाच्या इवल्याशा मेमरीत असतात आणि वीज गेली की पुसली जातात. मेन स्विच चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बोर्डाला थोडी वीज देत राहतो, त्यावर ती टिकतात. स्विच बंद केलात की सगळा भार बॅटरीवर, आणि ती संपलेली. म्हणून तुमचा त्रास बरोबर सुट्टीनंतर येतो.

आता निळा पडदा. एफ२ म्हणजे कंपनीची मूळ सेटिंग्ज भरून पुढे जा. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांत मूळ सेटिंगमध्ये साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, आयडीई ही जुनी असते. तुमचं विंडोज बहुधा एएचसीआय या नव्या पद्धतीवर टाकलेलं आहे. बायॉस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) वाचतो, त्यातला छोटा प्रोग्राम पुढच्याला उठवतो, मग बूट मॅनेजर येतो, तो विंडोजचा गाभा मेमरीत आणून ठेवतो. इथवर डिस्क वाचायचं काम बायॉसच्या मदतीने चालतं, मोड कुठलाही असो. गाभा जागा झाला की तो बायॉसला बाजूला सारून डिस्कशी बोलायला स्वतःचा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, वापरतो. तो एएचसीआयचा, समोर आयडीई. ज्या डिस्कवरून आत्ता आला तीच त्याला सापडत नाही. ७बीचा अर्थ तोच. विंडोजची खूण दिसते म्हणजे डिस्क वाचली जातेय, पूर्ण गेलेली डिस्क तिथवर पोचलीच नसती.

उपाय: प्लग काढा, जुनी बॅटरी काढून नवी सीआर२०३२ घाला, अधिक चिन्हाची बाजू वर. मग डिलीट दाबून सेटअपमध्ये तारीख घाला, साटा मोड एएचसीआय करा, एफ१० ने सेव्ह करा. दुरुस्तीवालाही बहुतेक एवढंच करत होता, बॅटरी सोडून!

निवांत_नाना

+१. बदलण्याआधी सेटअपच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

अवांतर: विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. नव्या मशीनवर विंडोज ११ का घेत नाही?

पत्रिकावाला

नाना, नव्या मशीनवर श्रीलिपीचं हे व्हर्जन चालेल याची खात्री कोण देणार? या मशीनला नेट जोडतच नाही, फाइली पेनड्राइव्हने जातात.

खटपट्या, आभार! बॅटरी मीटरवर दोन व्होल्टसुद्धा दाखवत नव्हती. नवी टाकली, मोड बदलला, सुट्टीभर मेन स्विच बंद ठेवून पाहिला. एकदम सुरळीत.

पण डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रामने तपासलं तर पिवळ्या रंगात 'कॉशन' येतंय, रीअलोकेटेड सेक्टरच्या ओळीपुढे. म्हणजे दुरुस्तीवाला अगदीच चुकीचा नव्हता का?

खटपट्या

निळा पडदा डिस्कमुळे नव्हता. पण डिस्क म्हातारी झाली आहे हे खरं, काही सेक्टर खराब होऊन तिने राखीव जागेत हलवले आहेत. आज आधी कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग तेवढ्याच किंवा मोठ्या आकाराचा साटा एसएसडी (चिपवाली नवी डिस्क) आणून क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने डिस्क-टू-डिस्क कॉपी करा. त्यात तो पहिला सेक्टर आणि पार्टिशन सगळं जसंच्या तसं जातं, फॉरमॅट लागत नाही. कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी हे विचारेल तिथे क्षमता आणि मॉडेल नंबर वाचूनच एंटर दाबा. जुनी डिस्क काढून ठेवा, नवीवरून आठवडाभर काम होईपर्यंत पुसू नका.