आवाजी मतदान की मोजणी? राज्यसभेतला २० सप्टेंबर २०२० चा रविवार

अधिवेशनवेडा (धागाकर्ता)

कृषी कायदे चांगले होते की वाईट, यावर भरपूर कीस पाडून झालाय. तो इथे नको. मला बोलायचंय ते एका दिवसाच्या कामकाजाबद्दल.

रविवार, २० सप्टेंबर २०२०. कोविडमुळे राज्यसभा सकाळी नऊ ते दुपारी एक भरायची, कारण तीन वाजता लोकसभेला तीच दालनं लागायची. खासदार अंतर राखून बसलेले, काही राज्यसभेत, काही वरच्या गॅलऱ्यांत, काही चक्क लोकसभेच्या बाकांवर. समोर दोन विधेयकं होती. एक बाजार समितीबाहेरचा शेतमाल व्यापार खुला करणारं, दुसरं करार शेतीचं. एक वाजत आला तरी काम उरलेलं. विरोधक म्हणाले, मंत्र्यांचं उत्तर उद्या घ्या. उपसभापती हरिवंश यांनी वेळ वाढवली आणि तिथूनच फिस्कटलं. विधेयकं प्रवर समितीकडे (विधेयक बारकाईने तपासणारी खासदारांची समिती) पाठवा, अशा प्रस्तावांवर के. के. रागेश, तिरुची शिवा वगैरे विरोधी खासदारांनी मतविभागणी, म्हणजे प्रत्यक्ष मतमोजणी, मागितली. उपसभापतींनी आवाज ऐकले, प्रस्ताव फेटाळल्याचं जाहीर केलं आणि विधेयकंही तशीच मंजूर झाली. तृणमूलचे डेरेक ओब्रायन नियमपुस्तिका नाचवत थेट पीठासनापर्यंत गेले, माइक ओढले गेले, कागद फाटले, राज्यसभा टीव्हीचा आवाज मध्येच गेला.

गोंधळ घालणाऱ्यांची वकिली मला करायची नाही. पण निकालाला हरकत घेतली की मतं मोजायची, हा सदस्याचा हक्क आहे, पीठासनाची मेहेरबानी नव्हे. ती मोजली गेली नाहीत. त्यामुळे एवढ्या मोठ्या कायद्याला राज्यसभेत कोणी मत दिलं आणि कोणी विरोध केला, याची नोंदच नाही.

निफाडकर

धागाकर्ते साहेब, कायदे बाजूला ठेवा म्हणणं तुम्हाला सोपं आहे. आम्हाला ते हवे होते. बाजार समितीतली अडत, हमाली, तोलाई, वर लिलावात व्यापाऱ्याची मर्जी, हे सगळं वर्षानुवर्षं भोगलंय.

उपसभापतींनी मोजायचं तरी कसं? माणसं वेलमध्ये (पीठासनासमोरच्या मोकळ्या जागेत), टेबलावर चढायच्या बेतात. मतविभागणी मागणाऱ्याने आपल्या जागेवर असावं लागतं आणि सभागृह शांत असावं लागतं, हे हरिवंश यांनी नंतर स्पष्ट सांगितलंय. आधी घर पेटवायचं आणि मग पाणी का नाही म्हणून बोंब मारायची, हा कुठला न्याय?

आणि खरं दुखणं ऐका. विरोधकांनी पुढे बहिष्कार टाकला. २२ तारखेला त्यांच्या गैरहजेरीत साडेतीन तासांत सात विधेयकं मंजूर झाली, त्यात तिसरा कृषी कायदा, म्हणजे जीवनावश्यक वस्तू कायद्याची दुरुस्ती होती. कांदा त्यातच येतो! १४ सप्टेंबरला, म्हणजे अधिवेशन सुरू झालं त्याच दिवशी, केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती. एका हाताने बाजार मोकळा करता आणि दुसऱ्या हाताने निर्यातीला कुलूप लावता, हे काय चाललंय, असं सरकारला तोंडावर विचारायची त्याहून चांगली वेळ नव्हती. विचारणारे कुठे होते? बाहेर, गांधी पुतळ्यापाशी.

रोखठोक

निफाडकर भाऊंना कडक सलाम. बाकी चालू द्या.

गॅलरीतून

निफाडकर, बाहेर ते हौसेने बसले नव्हते. २१ तारखेला सभापती व्यंकय्या नायडूंनी उपसभापतींवरचा अविश्वास प्रस्ताव १४ दिवसांची नोटीस नाही म्हणून फेटाळला आणि त्याच दिवशी आठ जण उरलेल्या अधिवेशनासाठी निलंबित झाले. त्यात आपले हिंगोलीचे राजीव सातवही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हरिवंश स्वतः त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. कुणाला तो मोठेपणा वाटला, मला कॅमेऱ्यांसाठीचा वाटला.

जागेवर नव्हते म्हणता? त्या दिवसाच्या चित्रफितीत शिवा आणि रागेश आपल्या जागेवरून मागणी करताना दिसतात, हे वर्तमानपत्रांनी छापलं होतं. त्यावर हरिवंश यांचं उत्तर असं की रागेश काही मिनिटं आधी जागेवर नव्हते आणि सभागृहात शिस्तही नव्हती. म्हणजे वाद मिनिटांवर आला. पण शिस्त नव्हती तर तहकूब करायचं होतं. दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर सोमवारी सकाळी चिठ्ठ्या वाटून मतं घ्यायची. घाई कसली होती? याच कायद्यांचे अध्यादेश ५ जूनपासून लागू होतेच.

सौ. बारकाईने

गोंधळात मोजता येत नाही, या मुद्द्यावर थोडं.

मार्च २०१०, महिला आरक्षण विधेयक, हीच राज्यसभा. ८ तारखेला समाजवादी पक्ष, राजद वगैरेंच्या सदस्यांनी विधेयकाचे कागद फाडले, सभापती हमीद अन्सारींच्या टेबलापर्यंत मजल गेली. ९ तारखेला सात जण निलंबित झाले, ते हलेनात म्हणून मार्शलनी उचलून बाहेर नेले. त्यानंतर मतं मोजली गेली. १८६ विरुद्ध १.

तो एक कोण, हे निफाडला सांगायला नको. शेतकरी संघटनेचे शरद जोशी. पूर्ण सभागृह एका बाजूला असताना ते एकटे विरोधात उभे राहिले. मला त्यांचं मत तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण मतं मोजली गेली, म्हणून ते नोंदीत आहे. आवाजी मतदान झालं असतं तर १८६ जणांच्या ‘होय’पुढे त्यांचा ‘नाही’ कुणी ऐकला असता?

आणि गंमत बघा, बाजार समितीच्या जोखडातून शेतकऱ्याला सोडवा म्हणून जन्मभर भांडलेला हाच माणूस. त्याच्याच मागणीच्या जवळ जाणारा कायदा आला तेव्हा एकाही मताची नोंद झाली नाही.

निफाडकर

ताई, जोशी साहेबांचं नाव काढून तुम्ही माझं तोंड बंद करायला बघताय, पण ते होणार नाही :) साहेबांबद्दल आदर आहेच. फक्त तुमचं उदाहरण लागू पडत नाही. ती घटनादुरुस्ती होती. तिथे एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश लागतं, मोजल्याशिवाय गत्यंतरच नाही. साधी विधेयकं आवाजी मतदानानेच पास होतात, वर्षानुवर्षं, सगळ्या सरकारांच्या काळात. तेव्हा कुणाला लोकशाही आठवत नाही.

अजून एक. २९ नोव्हेंबर २०२१. हेच तीन कायदे रद्द करणारं विधेयक एकाच दिवसात दोन्ही सभागृहांत, चर्चेशिवाय, आवाजी मतदानाने. काही मिनिटांचा खेळ. त्यावर धागा कुठे आहे?

अधिवेशनवेडा

साधी विधेयकं आवाजी मतदानाने होतात, मान्य. कुणी हरकतच घेतली नाही तर ते रास्तच आहे. पण ज्यावर देश पेटलाय, मित्रपक्षाच्या मंत्री हरसिमरत कौर बादल तीन दिवस आधी राजीनामा देऊन गेल्यात, ते ‘साधं’ कसं?

शिवाय साधी विधेयकंही मोजलीत की. ५ ऑगस्ट २०१९ ला जम्मू-काश्मीर पुनर्रचना, १२५ विरुद्ध ६१. त्याच वर्षी ११ डिसेंबरला नागरिकत्व दुरुस्ती, १२५ विरुद्ध १०५. तिहेरी तलाक, ९९ विरुद्ध ८४. याच सरकारने मतं मोजून घेतली आणि जिंकली. बहुमत आमच्याकडेच होतं, असं मंत्री त्या रविवारनंतरही सांगत होते. मग मोजायला काय हरकत होती?

२९ नोव्हेंबरबद्दल शंभर टक्के सहमत. चर्चा व्हायलाच हवी होती. वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

गॅलरीतून

माझ्या मते मोजणीपेक्षा मोठा मुद्दा प्रवर समितीचा. वरिष्ठ सभागृह कशासाठी? खालून घाईत आलेलं नीट चाळायला. जीएसटीची घटनादुरुस्ती २०१५ मध्ये लोकसभेतून आली, राज्यसभेने प्रवर समितीकडे पाठवली. ऑगस्ट २०१६ मध्ये मंजूर झाली तेव्हा एक टक्का जादा कराची तरतूद गळाली होती. वेळ गेला खरा, पण कुणी कृषी कायद्यांवेळच्या शेतकऱ्यांसारखे दिल्लीच्या वेशीवर, टिकरी-सिंघूला तंबू ठोकले नाहीत.

आणि सरकार अडून राहतं असंही नाही. राज्यसभेने फेटाळलंच तर संयुक्त बैठक आहे. मार्च २००२ मध्ये पोटाचं (दहशतवादविरोधी कायद्याचं) विधेयक राज्यसभेने पाडलं, वाजपेयी सरकारने संयुक्त बैठकीत ते मंजूर करून घेतलं.

रोखठोक

संयुक्त बैठक बोलवा, समिती नेमा, समितीची समिती नेमा. तोवर कांदा चाळीत सडू द्या.

सौ. बारकाईने

रोखठोक, तुमच्या त्या घाईने कांद्याचं काय भलं झालं ते पण लिहा ना. भाव दुप्पट झाल्याशिवाय नाशवंत मालावर साठा मर्यादा नाही, असं नव्या दुरुस्तीत होतं. महिना उलटत नाही तोच, २३ ऑक्टोबर २०२० ला कांद्यावर साठा मर्यादा आली. घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळला २. ही फट समितीपुढे कुणीतरी दाखवलीच असती.

निफाडकर

साठा मर्यादेची आठवण करून दिलीत, ती जखम ओली आहे. व्यापाऱ्यांनी लिलावच थांबवले होते तेव्हा. पण समितीने ती फट बुजवली असती, यावर माझा काडीचा विश्वास नाही. शहरात कांदा महागला की कुठलंही सरकार कायदा गुंडाळून ठेवतं, समितीतून आलेला असो वा नसो.

मोजणीचं म्हणाल तर मला ती वेगळ्याच कारणासाठी हवी होती. शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला, राज्यसभेत संजय राऊत प्रश्नांची सरबत्ती करत होते. पवार साहेब त्या दिवशी सभागृहातच नव्हते, नंतर निलंबितांसाठी एक दिवस अन्नत्याग केला. आमच्या जिल्ह्यात मतं मागायला हे सगळे येतात. कुणी कुठलं बटण दाबलं त्याचा कागद हातात असता, तर पारावर बसवून विचारलं असतं.

उपसभापतींना मात्र दोष देणार नाही. तेवढ्यावर आपलं जमायचं नाही.

अधिवेशनवेडा

नाही जमलं तरी चालेल. पण तो कागद का नाही, हे पारावर उपसभापतींनाही विचारा.