गळपट्टे बसवले तर खुराक बरोबर देता येईल का?

गोठेवाली, संगमनेर
नमस्कार. आमच्याकडे 14 एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी आहेत, 11 दुभत्या आणि 3 भाकड. मुरघास (हवा न लागू देता आंबवलेला हिरवा चारा), थोडी कडबा कुट्टी आणि धारेच्या वेळी प्रत्येकीपुढे घमेलंभर गोळी पेंड, असं सासूबाईंच्या काळापासून चालत आलंय. यंदा पेंडेचं बिल बघून जीव दडपतो.

एका विक्रेत्याने गळपट्टे दाखवले. गाय किती वेळ खाते, किती वेळ रवंथ करते ते मोबाईलवर दिसतं, त्यामुळे खुराक आपोआप बरोबर होतो, असं तो म्हणाला. माझी अडचण अशी: चांदणी 22 लिटर देते. गौरी सहा महिन्यांची गाभण आहे, ती 8 लिटरवर आलीय. दोघींना पेंड तेवढीच. गौरीच्या अंगावरून हात फिरवला तर बरगडी लागत नाही, चांदणीच्या माकडहाडाजवळ मात्र खळगा पडलाय. बघवत नाही. हे पट्ट्याने सुटेल का?

दूधवाला, फलटण
ताई, पट्टा खुराक मोजत नाही. त्यातला सेन्सर मानेची हालचाल टिपतो आणि त्यावरून गाय खातेय, रवंथ करतेय की नुसती उभी आहे ते ओळखतो. पोटात किती किलो गेलं ते त्याला कळत नाही. गायीचा बिल्ला वाचून तिच्या वाट्याची पेंड सोडणारं यंत्र वेगळं असतं. 14 गायींसाठी त्या खर्चात पडू नका.

पण मला पट्टे फार उपयोगी पडलेत. गेल्या पावसाळ्यात मुरघासाचा नवा खड्डा उघडला. तिसऱ्या दिवशी सकाळी एका पहिलारू गायीची रवंथ दिवसाला 490 मिनिटांवरून 340 वर आलेली दिसली. दूध तेवढंच, अंगात ताप नाही. दुपारपर्यंत आणखी चौघींची उतरली. शेण पातळ, वर फेस. खड्ड्यातली मूठभर कुट्टी हातात घेतली तर पिठासारखी दबली, धागाच नाही. चावायला काही नसेल तर गाय रवंथ कशाची करणार? त्याच दिवसापासून प्रत्येकीला 2 किलो कोरडा कडबा मिसळून दिला. चार दिवसांत आकडे जागेवर आले, दुधाची फॅट उतरायच्या आधीच.

एक करा, आकडा शेजारच्या गायीशी लावू नका. त्याच गायीच्या मागच्या आठवड्याशी लावा. पट्टा सैल होऊन फिरला तरी आकडा बिघडतो, तेव्हा आधी तो तपासा.

पशुवैद्यक
दादांशी सहमत. आधी तराजू घ्या. दिवसाच्या पेंडेचा ढोबळ हिशेब असा: अंग धरायला 1 ते 1.5 किलो आणि वर दर अडीच लिटर दुधामागे 1 किलो. म्हणजे चांदणीला 10 किलोच्या आसपास, मुरघास चांगला असेल तर थोडं कमी. वाढवताना रोज अर्धाच किलो वाढवा आणि एका वेळी 3 किलोच्या वर घालू नका, नाहीतर पोट आंबेल. गौरीला पाच पुरे. गाभण गाय फार लठ्ठ झाली की व्यायल्यावर खाणं टाकते आणि किटोसिस होतो, म्हणजे अंगातली चरबी झपाट्याने वितळून गाय आजारी पडते. तिला पुढच्या महिन्यात आटवायलाही (दूध काढणं बंद करायलाही) घ्या.

गोठेवाली, संगमनेर
बारा दिवसांनी लिहितेय. काटा आणला. माझ्या हातचं घमेलं 3.1 किलो भरलं, ह्यांच्या हातचं 3.9! सकाळची धार मी काढते, संध्याकाळची हे. एकाच गायीला दोन वेळा वेगळी पेंड जात होती आणि आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता. आता गोठ्याच्या भिंतीवर खडूने प्रत्येकीचं नाव आणि किलो लिहिलेत.

गौरी 5 किलोवर आहे, दूध 8 लिटरच. चांदणी तीन वेळा मिळून 9 किलो खाते, परवापासून 23 लिटर भरतंय, शेणही घट्ट आहे.

पट्टे सध्या तीनच घ्यावेत असं वाटतं, व्यायला आलेल्या भाकड गायींसाठी. पण आमच्या गोठ्यात मोबाईलला रेंज नाही. चालेल का?

दूधवाला, फलटण
पट्ट्याला मोबाईलची रेंज लागत नाही, त्याची माहिती पकडणाऱ्या रिसीव्हरला इंटरनेट लागतं. आमचा घराच्या गच्चीवर गोठ्याच्या बाजूला तोंड करून बसवलाय, इन्व्हर्टरवर. पैसे देण्याआधी विक्रेत्याला एक पट्टा घेऊन गव्हाणीच्या पार टोकाशी उभं राहायला सांगा. माहिती तिथून पोचली तरच घ्या.

व्यायच्या निदान दोन-तीन आठवडे आधी पट्टे घाला, म्हणजे प्रत्येकीची नेहमीची रवंथ किती ते आधीच नोंदलेलं असेल.

गोठेवाली, संगमनेर
पहिली गाय पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला व्यायची आहे. उद्याच विक्रेत्याला बोलावते.