इंजिन चालवून बघायची चाचणी (रनअप) राहून गेली, सही मात्र झालीय. कुणाला सांगू?

मंडळी, मदत हवी आहे. मी वास्कोला राहतो, विमान देखभालीत टेक्निशियन आहे, लायसन्स अजून नाही. परवा रात्रपाळीत एका इंजिनाची बोरोस्कोप तपासणी (बारीक कॅमेरा आत घालून बघणं) झाली. त्यासाठी काढलेलं कव्हर नव्या ओ-रिंगसकट (गळती रोखणारी रबरी कडी) मीच बसवलं, हे पक्कं आठवतं. पण नंतर इंजिन आयडलवर (सगळ्यात कमी वेगावर) चालवून तेलगळती बघायची होती, ती राहिली. धो धो पाऊस आणि पहाटेच्या फ्लाइटची घाई. टास्क कार्डावर (कामांच्या यादीच्या कागदावर) त्या ओळीपुढे सही आहे (माझी नव्हे).

विमान उडतंय, तेलही कमी झालेलं नाही. सीनियर म्हणतात, "कित्याक टेन्शन घेता रे?" पण १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये एका बोइंग ७३७ विमानाच्या दोन्ही इंजिनांची कव्हरं अशाच तपासणीनंतर बसवायची राहिली, आयडल रनही झाला नव्हता. हवेत दोन्हीकडचं तेल जात राहिलं, विमान ल्युटनला उतरवावं लागलं. हे वाचल्यापासून झोप उडालीय.

आधी क्वालिटी मॅनेजरांना भेटू की सेफ्टीवाल्यांना थेट लेखी देऊ? टेस्ट होईपर्यंत विमान थांबवावं लागेल ना? डीजीसीएकडे (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) स्वतःहून कळवलं तर नाव गुप्त राहतं का? कुणी अनुभवी एएमई (लायसन्स असलेले विमान देखभाल इंजिनिअर) असतील तर कृपया आजच सांगा, उद्या परत ड्यूटी आहे.