याकिमा की याकामा : एका अक्षरासाठी एवढं?

भटक्या_विलास : अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात फिरून आलो. नदी याकिमा, शहर याकिमा, पण तिथल्या मूळ लोकांना 'याकामा' म्हणायचं! एका अक्षराने कुणाचं पोट भरतं? उगाच नखरे.

शीवकर : 'नखरे' खटकलं म्हणून लिहितोय, एरवी मी आळशी. या लोकांनी अमेरिकी सरकारशी केलेल्या 1855 च्या तहात 'याकामा'च आहे. 1994 मध्ये त्यांनी तेच परत घेतलं, पदरचं काही काढलं नाही. त्या तहात एक कोटी एकरांच्या वर जमीन गेली. उरलेले हक्क त्याच कागदावर मागायचे, तर नावही कागदातलंच नको? शहराची गंमत ऐका. 1884-85 मध्ये रेल्वेने स्टेशन जुन्या याकिमापासून चार मैल उत्तरेला टाकलं. लोकांनी घरंच्या घरं ओंडक्यांवरून तिकडे ढकलत नेली. 1918 मध्ये त्या नव्या गावाने 'याकिमा' नाव घेतलं, जुनं झालं युनियन गॅप. गावाने नाव उचललं तर चालतं!

भटक्या_विलास : मग नदीचं का नाही बदललं?

शीवकर : नकाशा त्यांच्या हातात आहे का? स्वतःचं नाव होतं, तेवढं बदललं. मी शीवला वाढलो, टॅक्सीवाल्याला आजही 'सायन' सांगावं लागतं.

माई_कोथरूड : याकिमा म्हणजे सफरचंदांचंच ना? आजारी सासूबाईंसाठी ती चकचकीत वॉशिंग्टन आणली. मेण नखाने खरवडलं. चव शून्य!

बागवान : माई, मेण खायचंच असतं. 2019 मध्ये आपण अमेरिकी सफरचंदांवर 20 टक्के जादा आयात कर लावला, 2023 मध्ये काढला. हिमाचलवाल्यांनी आता काय करावं?

माई_कोथरूड : मेण तुम्ही खा! आमच्याकडे किन्नौरचीच येतात.

बागवान : किन्नौरच्या नावाने काय खपतं ते मार्केट यार्डात पहाटे येऊन बघा. वीस वर्षं पेट्या उचलतोय.

माई_कोथरूड : म्हणजे आम्ही मूर्ख?

शीवकर : अहो, धागा नावाचा आहे!

बागवान : नावाचंच चाललंय, साहेब.

भटक्या_विलास : बरं, लोक याकामा, नदी-शहर याकिमा. पोस्ट दुरुस्त केली. मात्र तिथे सगळे 'यॅकिमा' म्हणत होते, तेव्हा शीवकर, तुमचा 'या'सुद्धा चुकलाच. नखरे!