मदत हवी आहे: वडिलांना मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी पुस्तकं सुचवा

नमस्कार मंडळी,

रात्री जेवणं आटोपली की मी वडिलांना पुस्तक वाचून दाखवते. काचबिंदूमुळे त्यांना आता अक्षर दिसत नाही. जवळची पुस्तकं संपत आली आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. गेल्या काही महिन्यांत आम्ही काय वाचलं आणि त्यातलं काय रुचलं, हे आधी सविस्तर लिहिते. म्हणजे आम्हाला नेमकं काय हवंय ते तुमच्या लक्षात येईल.

अप्पा मूळचे अक्कलकोट तालुक्यातले. घरात आम्ही कन्नड बोलतो. मराठी ते थोडं शाळेत शिकले, बाकी सगळं मिलमध्ये. उभं आयुष्य मागावर गेलं. आधी मिलच्या साचेखात्यात (विणकाम खात्यात) होते, मिल बंद पडल्यावर सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणले. मागांच्या खडखडाटाने कानही अधू झाले आहेत, त्यामुळे वाचताना आवाज चढवावा लागतो. पण स्मरण पक्कं आहे. कालच्या प्रकरणात कोण कुठे निघालं होतं ते मला तेच सांगतात.

मोबाइलवरची बोलकी पुस्तकं लावून पाहिली. अप्पांना ती पटली नाहीत. त्यांना मध्येच थांबवून विचारायचं असतं, स्वतःचं काही सांगायचं असतं, आणि यंत्र कोणासाठी थांबत नाही.

सगळ्यात रमले ते 'स्मृतिचित्रे'त. लक्ष्मीबाई टिळकांचं शाळेतलं शिक्षण झालेलंच नव्हतं आणि त्यांची वाक्यं ओसरीवर बसून सांगितल्यासारखी आहेत. मला कुठेही श्वास घ्यायला अडखळावं लागलं नाही. त्यांच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड ऐकताना अप्पा डोळे पुसून पुसून हसले. नंतर त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली धर्मांतर केलं आणि बाईंचा संसार मोडल्यासारखा झाला, त्या भागाला मात्र ते गप्प होते. एवढं दुःख आणि तक्रारीचा सूर नाही, हे मला मराठीत दुसरीकडे फारसं भेटलेलं नाही. अजून कोणी वाचलं नसेल तर सगळं बाजूला ठेवून वाचा.

'बनगरवाडी' अप्पांनी दोनदा वाचून घेतली. व्यंकटेश माडगूळकरांचा माणदेश आमच्या सांगोल्याला लागूनच. कोवळ्या वयाचा मास्तर, मेंढ्यांमागे हिंडणारी माणसं, म्हातारा कारभारी, सगळ्यांनी राबून बांधलेली तालीम, आणि शेवटी दुष्काळात रिकामं होत जाणारं गाव. पुस्तक लहान आहे, प्रकरणंही लहान, एका बैठकीला एक पुरतं. माडगूळकर माणसाचं वर्णन करण्यात वेळ घालवत नाहीत, त्याला काहीतरी करायला लावतात आणि तेवढ्यावरून माणूस दिसतो. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. गाव उठून चाललं तेव्हा अप्पा म्हणाले, "आमीबी असंच आलो की सोलापूरला." मग त्या रात्री पुढचं पान वाचलंच नाही. ते बोलत राहिले, मी ऐकत राहिले.

शरणकुमार लिंबाळे यांचं आत्मकथन 'अक्करमाशी' घ्यावं की नाही याचा बराच विचार केला होता. लिंबाळे हन्नूरचे, म्हणजे अप्पांच्या पायाखालचा मुलूख. पुस्तक १९८४ साली आलं तेव्हा लेखक तिशीच्याही आत होते. त्यातली भूक, भाकरीसाठीची लाचारी, आईच्या वाट्याला आलेलं जिणं हे सगळं माझ्या तोंडून अप्पांसमोर आणि दहावीतल्या मुलासमोर उच्चारायचं होतं. डोळ्यांनी वाचताना एखाद्या ओळीवरून नजर पुढे सरकवता येते. मोठ्याने वाचताना ती सोय नाही, प्रत्येक शब्द पुरता म्हणावा लागतो. माझं ठाम मत झालंय की आमच्यासारख्या, त्याच पट्ट्यातल्या पण जातीच्या उतरंडीत वर बसलेल्या घरांमध्ये हे पुस्तक असंच, सगळ्यांनी एकत्र बसून वाचलं पाहिजे. अप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. गावातली कोणती विहीर कोणाची होती, हे त्यांनी त्यानंतर पहिल्यांदा नातवाला सांगितलं.

जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा अप्पांना कितपत रुचतील याची मला शंका होती. 'यक्षांची देणगी'मधली 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा वाचली. त्यात डावं-उजवं उलटं होण्यामागे मोबियसच्या पट्टीची कल्पना आहे. मी कागदाची लांब पट्टी कापली, एक पीळ देऊन टोकं चिकटवली आणि अप्पांच्या हातात दिली. त्यांनी बोट न उचलता पट्टीवरून फिरवत नेलं, बोट दोन्ही बाजूंनी फिरून निघालं त्या जागी परत आलं. मग म्हणाले, मिलमध्ये शाफ्टवरचा पट्टा पीळ घालून चढवला की पुढचं चाक उलटं फिरायचं. तो पीळ वेगळा, हा वेगळा, यावर आजोबा आणि नातू यांचा वाद बराच रंगला. नारळीकरांची भाषा साधी, क्वचित कोरडी वाटते, पण कल्पना एवढी स्वच्छ मांडलेली असते की ऐकणाऱ्याला कुठेही मागे जावं लागत नाही.

आपल्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींचं 'चकवाचांदण' सध्या तुकड्या-तुकड्यांनी चालू आहे. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, तेव्हा अप्पा मुद्दाम त्यांचं भाषण ऐकायला गेले होते. जून २०२५ मध्ये ते गेल्याची बातमी मीच अप्पांना वाचून दाखवली, म्हणून हे आत्मचरित्र आणलं. झाडापाखरांच्या नावांचं असं भांडार दुसऱ्या कोणाकडे नाही. पण पुस्तक पसरट आहे, आणि ऐकीव गोष्ट कुठे संपते नि स्वतः पाहिलेलं कुठून सुरू होतं, ते मला नेहमी उमगत नाही. अप्पांना त्याचं काही नाही, त्यांना रानातल्या माणसांच्या गोष्टी हव्या असतात. नान्नजच्या माळरानावर पूर्वी माळढोक कसा दिसायचा, हे सांगायला त्यांना त्यातून निमित्त मिळालं.

राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं 'पाडस' मुलाने आग्रहाने वाचायला लावलं. अमेरिकेतल्या फ्लोरिडातलं कुटुंब, पण भाषा इतकी आपली की अनुवाद आहे हे कानाला कुठे जाणवत नाही. शेवटी घरात मतभेद झाले. पीक खाणाऱ्या हरणाच्या पाडसाला मारावं लागतं हे मुलाला अजिबात मान्य नव्हतं. अप्पा म्हणाले, वर्षाचं धान्य गेल्यावर घर कशावर जगणार? मला स्वतःला ते पुस्तक फार मोठं वाटतं, कारण ते दोघांपैकी कोणालाही खोटं ठरवत नाही.

रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर अप्पांच्याच फर्माइशीवरून आणले. तरुणपणी अप्पा आणि त्यांच्या मित्रांत झुंजार आणि काळापहाड या नायकांच्या पुस्तकांची देवघेव चालायची. गोष्ट पळते, संवाद खटकेबाज आहेत, ऐकायला उत्तम. दोन पुस्तकांत हौस फिटली.

भालचंद्र नेमाडेंची 'कोसला' मला आवडते, अप्पांना त्यातल्या मुलाचा राग आला, सोडून दिली.

आता जे जमलं नाही त्याबद्दल. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' माझं अतिशय लाडकं. १९५६ चं पुस्तक, अजून ताजं वाटतं. पण मोठ्याने वाचताना लांब वाक्यांत रंगांवर रंग येत जातात, आणि अप्पा पहिल्या लेखातच पेंगले. याचं मला मनापासून वाईट वाटलं.

तर माझे प्रश्न असे. कामाचं वर्णन असलेली पुस्तकं कोणती? गिरणी, माग, सुतारकाम, रेल्वे, शेती, काहीही चालेल, पण लेखकाला ते काम खरंच ठाऊक असलं पाहिजे. लेखक धोटा किंवा कांडी या मागावरच्या शब्दांशी नुसता खेळतोय, हे अप्पांना लगेच कळतं. दुसरं, सोलापूरच्या मिल आणि मागांवर, इथल्याच माणसाने लिहिलेलं काही आहे का? मुंबईच्या गिरण्यांवर पुष्कळ सापडतं. आणि 'ऋतुचक्र' त्यांच्यापर्यंत पोचवायची काही रीत कोणाला सुचते का?

दुःखी पुस्तकं नकोत असं अजिबात नाही. वय झालेल्या माणसाला फक्त हलकंफुलकं द्यावं, असं मला नातेवाइकांकडून सारखं ऐकावं लागतं. अप्पांचा अनुभव वेगळं सांगतो.

प्रतिसाद: साखर पेठ

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला थेट उत्तर आहे. लक्ष्मीनारायण बोल्ली यांचं आत्मचरित्र 'एका साळियाने' मिळवा. बोल्ली आपल्या सोलापूरचे कवी, तेलुगू आणि मराठी दोन्हींत वावरलेले, दोन्हींकडून अनुवाद करणारे. आमच्या पद्मशाली म्हणजे विणकर समाजाच्या घरांमधलं जगणं मराठीत आणणारी माणसं थोडी, त्यांत ते आहेत. अप्पांनी पूर्व भागात मागावर काम केलंय म्हणता, तर बरीचशी हवा ओळखीची निघेल. हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारून बघा.

प्रतिसाद: गिरणगावकर

मुंबईचं आहे म्हणून टाळू नका. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं 'कथा मुंबईच्या गिरणगावची' हे पुस्तक कामगारांनी, त्यांच्या घरच्या बायकांनी, कार्यकर्त्यांनी स्वतः सांगितलेल्या आठवणींचं आहे. बोललेलंच लिहिलंय, त्यामुळे परत बोलायला सोपं. कुठूनही उघडा, एक माणूस भेटतो. अप्पांना खात्यांची, जॉबरची, पाळ्यांची नावं ऐकून बोलावंसं वाटेल.

शिवाय नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ'. सुर्वे गिरणीकामगाराच्या घरात वाढले आणि त्यांची कविता मोठ्याने म्हणण्यासाठीच आहे. रोज एक, गद्य सुरू करण्याआधी.

जयंत पवारांचं 'अधांतर' नाटकही सुचवतो, १९८२ च्या गिरणी संपानंतर होरपळलेलं गिरणगावातलं घर. पण नाटक एकटीने वाचू नका. मुलाला एक भूमिका द्या, तुम्ही आईची घ्या.

प्रतिसाद: आजीची नात

माझ्या आजीलाही कमी ऐकू यायचं. अनुभवाने सांगते, आवाज चढवला की तो किनरा होतो, आणि गोंगाटात काम केलेल्या माणसांचे नेमके बारीक, उंच आवाजच आधी जातात. खालच्या पट्टीत, सावकाश, शब्दाचं शेवटचं अक्षर न गिळता वाचा. ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा आणि पंखा शक्य असेल तर बंद ठेवा. तुमचा घसाही वाचेल.

'ऋतुचक्र' सलग वाचूच नये. महिन्याला एक लेख आहे, तो त्या त्या महिन्यात, तोही सकाळी, आणि एका वेळी एकच परिच्छेद. आधी त्या झाडाचा पाला किंवा फूल हातात द्या. तुम्ही कागदाची पट्टी दिलीत ना, तसंच.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. खालच्या पट्टीचा सल्ला काल रात्रीच अमलात आणला. अप्पा म्हणाले, "आता नीट ऐकू यायलंय, रोज असंच वाच." त्या पंख्याचा आवाज इतका आड येत होता हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

'माझे विद्यापीठ' घरातच निघालं, आजपासून सुरू करतोय. 'अधांतर'साठी मुलगा तयार आहे, त्याने धाकट्या भावाची भूमिका मागितली आहे आणि शेजारच्या काकूंनाही बोलावलंय. गिरणगावचं पुस्तक नवी पेठेतल्या दुकानात मागवायला सांगितलंय.

'एका साळियाने' कोणाकडे असेल तर थोडे दिवस वाचायला मिळेल का? मी अशोक चौकाजवळ राहते, जुळे सोलापूर किंवा होटगी रोडपर्यंतही येऊन घेऊन जाईन. पुस्तकाला कव्हर घालून, न दुमडता परत करेन. आणि रेल्वेत काम केलेल्या कोणाचं मराठी आत्मकथन माहीत असेल तर जरूर कळवा, अप्पांचे मिलमधले एक जुने सोबती पुढे रेल्वेत लागले होते, तेही आता गुरुवारी ऐकायला येणार आहेत.